माप रस्त्याचे, फोटो घड्याळाचा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझा रंग उडाला आहे, घंटी बसली आहे, आणि सध्या माझ्या पोटात दुखते आहे. सायकलीला पोट कुठले, असे तुम्ही म्हणाल. समोरच्या भिंतीवरचा फोटो पाहा, म्हणजे कळेल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत देशाचा विक्रम करणारी बाई त्यात हसत उभी आहे, आणि तिच्या शेजारी छाती काढून उभे आहे ते मोठे घड्याळ. मी कुठेच नाही.

दुकानात होते तेव्हाही माझ्याकडे कोणी वळून पाहत नसे. शेवटी एका ताईंनी मला घेतले. शर्यतींचे रस्ते मोजणे हे त्यांचे काम. त्यांनी माझ्या पुढच्या चाकाजवळ काड्यापेटीएवढे एक यंत्र बसवले. चाक फिरले की त्यातले आकडे सरकतात. आधी पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावरून त्या मला पुन्हा पुन्हा चालवत. तेवढ्या अंतराला यंत्र किती आकडे पुढे जाते, हे कळले की मग खरा रस्ता. काम संपल्यावर पुन्हा तोच पट्टा, कारण ऊन चढले की चाकातली हवा फुगते आणि माप बदलते.

वळणावर ताई मला अगदी कडेला खेटून नेत. धावणारा जवळची वाट धरणारच, म्हणून मोजायचीही जवळचीच. वर आणखी, दर किलोमीटरमागे त्या मीटरभर रस्ता जास्त धरत.

"दूधवाला माप भरून वर थोडं घालतो ना, तसं," त्या सांगत. "जास्त झालं तर चालतं. कमी पडलं तर सगळंच गेलं."

एवढे राबून शर्यतीच्या दिवशी मी जिन्याखाली. घड्याळ मात्र गाडीतून येणार, लाल आकडे मिरवणार आणि सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे ओढून घेणार. आयत्या बिळावर नागोबा!

ती विक्रमवाली बाई दवाखान्यात परिचारिका आहे. लेकीला आपल्या आईकडे सोपवून ती ड्यूटीच्या आधी धावायची. तिने जुना विक्रम मोडला, टाळ्या झाल्या, घड्याळाचे फोटो निघाले. पण विक्रम लगेच मान्य होत नाही, मित्रांनो. रस्ता पुन्हा मोजावा लागतो, आणि ज्याने आधी मोजला त्याने नाही, दुसऱ्याने. आपली पाठ आपणच थोपटायची नाही, असा तो नियम.

म्हणून परगावचे तपासनीस आले. त्यांच्याबरोबर त्यांची सायकल. काय तिचा तोरा! तिच्या चाकाच्या तारा चमचमत होत्या. ताई रस्ता दाखवायला मला घेऊन मागे होत्या. माझाच रस्ता आणि मीच मागे. माझा नुसता तिळपापड झाला. मनात म्हटले, चुकू दे हिचे माप, जिरू दे हिची.

परतीच्या वळणावर परिचारिका उभी होती, लेक कडेवर, शेजारी तिची आई.

तपासनीस मोबाइलवर शर्यतीचे फोटो चाळत थांबले. "ताई, वळायच्या जागी तुम्ही ठोकलेला खिळा इथे आहे. पण शर्यतीत वळायचा खांब त्या दिव्याजवळ दिसतोय."

ताईंचा चेहरा पडला. "खिळ्यावर कुणाची तरी गाडी उभी असणार. शर्यतीत मदतीला असलेल्या पोरांनी खांब अलीकडे ठेवला, झालं."

"मग मला तिथूनच मोजावं लागेल. त्या जिथे वळल्या तिथून."

"म्हणजे रस्ता आखूड?" परिचारिकेने विचारले.

"पाच-सहा पावलं. जाताना आणि येतानाही."

"आणि मग?"

"कमी भरला तर तुमची वेळ राहील. विक्रम राहणार नाही."

"बघा," आजी म्हणाली, "आमची पोरगी दुसऱ्यांच्या नाड्या बघते, आणि हिची नाडी रस्त्याच्या हातात."

कोणी हसले नाही. लेकीने विचारले, "आईला परत पळायला लागणार?"

"नाही गं," परिचारिका म्हणाली आणि तिने लेकीचा फ्रॉक उगाचच सारखा केला. मग पुन्हा एकदा सारखा केला. मी ते पाहिले, आणि मला एकदम कळले, की त्या चमचमतीची जिरली तर या बाईचेही सगळे जाणार. तिचे माप माझ्या मापाशी जुळायला हवे होते. एवढी मोठी शिक्षा मला कोणी कधी दिली नव्हती. वैरिणीचे भले चिंतत मी तिच्या मागे उरलेला रस्ता कापला.

शेवटी पुन्हा तो पट्टा झाला. तपासनीस फुटपाथवर बसून आकडे मांडत होते. परिचारिका त्यांच्याकडे न बघता लेकीच्या बुटाची नाडी सोडत होती आणि बांधत होती.

"भरला," ते म्हणाले. "तुम्ही वर धरलं होतं ना ताई, त्यातून गेली ती पावलं. अजून थोडा शिल्लकच आहे."

परिचारिकेने बुटाची गाठ एकदाची घट्ट मारली. आजीने डोळ्यांना पदर लावला आणि ताईंना म्हणाली, "बाई, तुमचा हात मोठा आहे."

हात ताईंचा मोठा. आणि कड घासली ती माझी! असो. त्या चमचमतीने जाताना माझ्याकडे पाहिलेही नाही. खरे सांगते, माप तिचे चोख होते. बाकी मला ती आवडलेली नाही.

मित्रांनो, अंतर खोटे असेल तर घड्याळ कितीही खरे बोलो, काय उपयोग? तुमच्या जिन्याखाली माझ्यासारखी कोणी उभी असेल तर तिची धूळ पुसा, साखळीला तेल द्या, चाकात हवा भरा. आणि कोणी विक्रम केला की घड्याळाकडे बघून झाल्यावर जरा खाली रस्त्याकडेही बघा. कुणीतरी तो आधी मोजून ठेवलेला असतो.