मी दिलेली खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि दोन शेतांच्या मध्ये उभं राहणं हे माझं काम आहे. पुढे वाईट वाटायला नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही, पण ज्यांची येत नाही ती मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने माझ्या चारी बाजू तासल्या आणि माथ्यावर छिन्नीने एक फुली कोरली. त्या फुलीचा मध्य म्हणजे हद्द. अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं. या दगडाचं काम सगळ्यात सोपं, फक्त हलायचं नाही, असं पाथरवट आपल्या बायकोला म्हणाला होता. मलाही ते सोपंच वाटलं. स्वतःहून मी आजवर एकदाही हललो नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मला रोवलं तो दिवस वाटणीचा होता. एका म्हातारीचे दोन मुलगे वेगळे होत होते. थोरल्याला राहतं घर आणि खालची कसदार जमीन मिळाली. धाकट्याला वरचं शेत मिळालं आणि शेताच्या कडेची विहीर मिळाली. वाटणी म्हातारीनेच केली होती आणि दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या. जमीन मोजायला आलेला मोजणीदार वयस्कर होता आणि तिरसटही. त्याने दोघा भावांच्या हाती साखळी देऊन त्यांना शेताच्या पार टोकाला पाठवलं. ते लांब गेल्यावर त्याने म्हातारीकडे दोन वस्तू मागितल्या. एक चुलीतला कोळसा आणि दुसरं एखादं फुटकं भांडं, जे मातीत कुजणार नाही असं.

म्हातारीच्या घरात फुटकं काही नव्हतंच, बाई नेटकी होती. ती आत गेली आणि सहा निळ्या बश्यांमधली एक घेऊन आली. मोजणीदार नको नको म्हणेपर्यंत तिने ती माझ्याच माथ्यावर आपटली.

"पोरंच वेगळी झाली, तिथं बशीचं काय कौतुक," ती म्हणाली.

फुलीशेजारचा माझा एक टवका उडाला, तो अजून दिसतो. मग खड्ड्यात कोळसा पडला, त्यावर बशीचे तुकडे, वर मातीचा थर आणि त्यावर मी. दगड उचलून नेणारे पुष्कळ असतात, पण पुरलेला कोळसा कुणी चोरत नाही, हद्दीचे खरे साक्षीदार हेच, असं मोजणीदार म्हणाला. त्याने ते आपल्या वहीत लिहून घेतलं आणि म्हातारीला कुठे बोलू नका म्हणून बजावलं. तिने ते कायमचं पोटात ठेवलं. दोन वर्षांनी ती गेली. माझ्या एका हाताच्या बोटांवर पहिली ती आहे.

पुढची वर्षं जशी जायची तशी गेली. थोरला चपलेला लागलेलं शेण माझ्या कडेला घासून काढायचा. नाक शिंकरलं की बोटं माझ्या माथ्याला पुसायचा, नेमकी फुलीवर. कुत्रीही यायची, पण त्यांचं मी मनावर घेत नाही, त्यांना नकाशा वाचता येत नाही. धाकटा मात्र वर्षातून दोनदा विळा घेऊन यायचा आणि माझ्याभोवतीचं गवत काढायचा, म्हणजे मी दोन्ही शेतांतून दिसावा. मग तो तापाचं निमित्त होऊन गेला. मागे त्याची बायको राहिली आणि विहिरीलगतचा तिचा भाजीचा मळा. त्या मळ्यावरच तिची चूल पेटत होती.

धाकट्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. एके दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना, थोरला पहार घेऊन आला. त्याने मला मुळापासून उपटलं, गोणपाटात गुंडाळलं आणि धाकटीच्या मळ्यात दोन हात आत नेऊन पुन्हा रोवलं. जुना खड्डा त्याने पायाने दाबून सपाट केला. त्याच्या घामाचा वास आणि दाताखाली चघळत असलेल्या काडीचा आवाज मला अजून आठवतो. कोळशापर्यंत तो खणत गेला नाही. खाली काही आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या शेताला लागून शिंप्याचं दुकान आहे. त्याचं मशीन खिडकीपाशी असतं आणि खिडकी शेताकडे उघडते. पहार पहिल्यांदा माझ्या अंगाला लागली तेव्हा मशीनचा आवाज थांबला. मी उपटला गेलो, गुंडाळला गेलो, पुन्हा रोवला गेलो, तोवर थांबलेलाच होता. थोरला निघून गेला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, आता हा उठेल, कुणाला तरी सांगेल. त्याने संध्याकाळपर्यंत दोन सदरे शिवले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा दोन हात. तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन हात, आणि विहीर थोरल्याच्या बाजूला गेली. दरवेळी मशीन थांबलं आणि दरवेळी सुरू झालं. कुंपणानेच शेत खाल्लं असं तुम्ही म्हणता ना? ते कुंपण मी.

आणि आता ऐका, कशाची सगळ्यात जास्त घाण वाटली ते. तिसऱ्या खेपेनंतर थोरल्याने मला चुना लावला. इतकी वर्षं ज्याने माझ्यावर नाक पुसलं, तो दर दोन महिन्यांनी ब्रश घेऊन माझ्यापुढे उकिडवा बसू लागला. मी खरं बोलत होतो तोवर माझ्या अंगावर शेण होतं. खोटं बोलायला लागलो तसा पांढराशुभ्र झालो. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे, की हद्दीची एवढी निगा राखणारा माणूस विरळाच. मला शिसारी येत होती, त्याची आणि माझी स्वतःचीही.

दगडाच्या माझ्या बाजूला आहे ती विहीर माझी, असं म्हणून थोरल्याने तिच्यावर झाकण बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. धाकटीने पाणी मागून न्यायचं असं ठरलं. किल्ली थोरलीकडे, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडे, असायची. ती किल्ली द्यायची, पण फुकट नाही. सासूबाईंच्या निळ्या बश्या सहा होत्या, सासूबाई गेल्यावर पाचच निघाल्या, सहावी कुणी ढापली ते न कळायला आम्ही दूधखुळे नाही, हे ती रोज ऐकवायची. धाकटी खाली मान घालून दोर ओढायची. मी दहा पावलांवर उभा. सहावी बशी कुठे आहे हे त्या दोघींना नाही, फक्त मला ठाऊक होतं. पाथरवटाने मला माथा दिला, फुली दिली, तोंड तेवढं दिलं नाही.

दोन घागरींवर मळा जगत नाही. आधी वांगी करपली, मग मिरची. धाकटीने मळा सोडून भावाकडे जायचं मनात आणलं. पण तिच्या डोक्यात एक हिशेब बसत नव्हता. नवऱ्याबरोबर तिने घातलेले वाफे एकवीस होते आणि आता ते अठराच भरत होते. तिने चार शेजाऱ्यांना विचारलं. चौघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. दगड समोर आहे, दगड कशाला खोटं बोलेल, म्हणाले. शेवटी ती शिंप्याच्या खिडकीशी आली.

"धुतलं की कापड आटतं, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "जमीन आटते का हो?"

शिंप्याच्या ओठांत टाचण्या होत्या. त्याने त्यांच्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि कापडाची घडी सरळ करू लागला. ती बराच वेळ थांबली. तेवढ्या वेळात बाईचं अख्खं पोलकं टाचून झालं असतं. टाचण्या काही तोंडातून निघाल्या नाहीत.

म्हणून ती मोजणीच्या कचेरीत गेली. अर्ज केला, तीन वेळा परत पाठवली गेली, चौथ्यांदा गेली. ती माझं दुसरं बोट. एके सकाळी मोजणीवाल्या बाई जुना नकाशा आणि जुन्या मोजणीदाराची वही घेऊन आल्या. त्यांनी माझा चुना नखाने खरवडला, फुली पाहिली, टवका पाहिला. मग बरोबरच्या मजुराला मला उपटायला सांगितलं आणि माझ्याखाली कोपरभर खणायला लावलं. खाली निव्वळ पिवळी माती.

"याच्या पोटाखाली साक्षीदार नाहीत," बाई म्हणाल्या.

थोरला हसला. दगडाखाली मातीच असणार, काय सोनं असणार, असं आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. रस्त्याची मोरी आणि पलीकडच्या कोपऱ्यातला माझा भाऊबंद, या दोन खुणांपासून बाईंनी मापं धरली आणि थोरल्याच्या नांगरलेल्या रानात, सहा हात आत, एक खुंटी ठोकली. तिथे खणलं. आधी माती काळी आली. मग कोळशाचे खडे आले. मग मजुराने काहीतरी निळं उचललं आणि पँटीला पुसलं.

धाकटीने तो तुकडा हातात घेतला. सगळ्यांच्या मागे थोरली उभी होती, कमरेला विहिरीची किल्ली.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तुमची सहावी बशी."

थोरलीने किल्ली सोडली, विहिरीच्या काठावर ठेवली आणि ती घराकडे चालू लागली. थोरला मात्र बोलतच राहिला. नांगराच्या फाळाने हलला असेल, पावसात सरकला असेल, आपल्याला तर काहीच कल्पना नाही. सहा हात, मित्रांनो, आणि सरकल्यावर चुना लावून!

बाईंनी कोळसा आणि तुकडे जसेच्या तसे परत पुरले आणि मला त्यांच्यावर उभं केलं. त्या तिसरं बोट. माझ्या माथ्यावर टवका होता तिथे त्यांनी अंगठा फिरवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. तोवर शिंपी गळ्यात टेप अडकवून दुकानाबाहेर आला होता. मला तेव्हाच शंका आली होती, असं तो हळूच पुटपुटला.

धाकटी त्याच्याकडे वळली.

"हो," ती म्हणाली. "पण तेव्हा तुमच्या तोंडात टाचण्या होत्या."

मित्रांनो, तुमच्याही घराच्या, शेताच्या, शाळेच्या कडेला माझा एखादा भाऊबंद उभा असेल. त्याच्यावर नाक पुसू नका, त्याला गाय बांधू नका, त्याला कचऱ्याखाली गाडू नका. तो कुठे उभा आहे हे एकदा मोठ्यांबरोबर जाऊन बघून ठेवा. त्याला हलवायचा हक्क मोजणीदाराशिवाय कुणालाही नाही, तुमच्या वडिलांनाही नाही. एवढं केलंत तर पुरे. आणि कधी दुपारी कुणी पहार घेऊन त्याच्यापाशी वाकलेला दिसला, तर हातातलं काम सोडून उठा. दगडाला तोंड नाही. तुम्हाला आहे, आणि तुमच्या तोंडात टाचण्या नाहीत.