मी फेब्रुवारीची की सप्टेंबरची?

मी एक तारीख बोलतेय. भिंतीवरच्या कॅलेंडरातली नव्हे. मला कोणी लाल शाईत छापलं नाही की माझ्याभोवती हौसेने गोल काढला नाही. मूत्रविकारांच्या एका लहानशा रुग्णालयात, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये माझा जन्म झाला. ‘०२/०९’ आणि त्यापुढे वर्ष, एवढाच माझा देह.

त्या दिवशी एका बस ड्रायव्हरच्या मूत्रनळीत अडकलेला खडा डॉक्टरांनी काढला आणि सुजलेली वाट बंद होऊ नये म्हणून आत एक बारीक नळी ठेवली. ही नळी म्हणजे पाहुणी. फार तर तीन महिने राहावं आणि निघावं. मुक्काम लांबला तर तिच्यावर खड्यांचे थर चढतात आणि मूत्रपिंडावर बेततं. ती कधी आली, हे सांगायला मी होते.

पूर्वी रुग्णांना फोन करून परत बोलवायचं काम मोठ्या सिस्टर करायच्या. त्या आधी दिवस लिहायच्या, मग महिना. त्या निवृत्त झाल्या आणि काउंटरवर एक नवा कारकून आला. त्याला आधीच्या नोकरीतली सवय वेगळी होती: आधी महिना, मग दिवस. त्याने मला नऊ फेब्रुवारी म्हणून लिहिलं. त्याचं तरी काय चुकलं? असंच लिहा म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत तो दुसरीकडे लागला आणि मी कोण, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

त्यात आम्हा सगळ्या तारखांना साधा मजकूर म्हणून साठवलेलं. माणसाला मी तारीख दिसते. कॉम्प्युटरच्या लेखी मी नुसते आकडे आणि तिरप्या रेघा. कोण आधीची, कोण नंतरची, किती दिवस उलटले, त्याला काही म्हणजे काही कळत नसे. त्यामुळे कोणाला आठवणीचा मेसेजही जात नसे. ड्रायव्हरला घरी जाताना बजावलं होतं म्हणे. पण दुखायचं थांबलं आणि गरज सरो, वैद्य मरो!

ऑक्टोबरात डॉक्टरांनी आपल्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती प्रोग्राम लिहायची. दुपारी ती काउंटरमागच्या खोलीत बसली आणि तिने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या सूचना. प्रत्येक तारीख उचलायची, पहिला आकडा दिवस, दुसरा महिना धरायचा आणि सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचं: वर्ष, महिना, दिवस. शहाणी बाई. मूळ नोंदींना हात न लावता तिने आधी त्यांची एक नक्कल केली आणि तिच्यावर स्क्रिप्ट चालवून पाहिली.

नकलेत मी दोन सप्टेंबर झाले. कुठे खुट्ट झालं नाही. आता माझ्या हिशेबाने ड्रायव्हरची नळी अगदी नवी होती. डिसेंबरपर्यंत त्याला कोणी बोलावणार नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तारखेला तोंड कुठलं!

माझ्या खालची एक मात्र अडखळली. ती होती ‘०२/२५’. पंचविसावा महिना आणायचा कुठून? स्क्रिप्ट थांबली.

डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये डोकावले. त्यांना घाई होती. अडलेल्या तेवढ्या हाताने नीट कर, बाकीच्या जाऊ दे, सोमवारपासून मेसेज सुरू व्हायला हवेत, असं ते म्हणाले.

बहीण पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “दादा, अडलेली चूक निदान दिसते तरी. गुपचूप पार झालेली कशी दिसणार?”

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. ज्याने ‘०२/२५’ लिहिलं, तो आधी महिना लिहिणारा. म्हणजे ज्यांचे दोन्ही आकडे बाराच्या आत आहेत, अशा त्याच्या बाकीच्या तारखाही उलट्या असू शकतात. कोणी कोणती लिहिली, याची नोंद नव्हती. डॉक्टर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बाहेर पुढचा रुग्ण थांबला होता, तरी बसले. अशा सगळ्या संशयित तारखांच्या माणसांना फोन करायचं ठरलं.

माझा नंबर लागला तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोने फोन उचलला. तारीख काही तिच्या लक्षात नव्हती. हे सध्या रजेवर आहेत, कंबर धरलीये, सीट खराब आहे असं म्हणतात, लघवीही लालसर होते, असं ती सांगत राहिली. बहिणीने विचारलं, ऑपरेशनच्या सुमारास घरात दुसरं काही घडलं होतं का?

“अहो, आदल्याच दिवशी नात झाली ना आम्हाला. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नुसती पळत होते मी.”

“नात केवढी झाली आता?”

“धरून उभी राहते की.”

बहिणीने फोन डॉक्टरांच्या हातात दिला. सप्टेंबरात जन्मलेलं मूल ऑक्टोबरात उभं राहत नाही. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, “त्यांना आत्ता घेऊन येता का?”

नळीवर खड्यांचं जाड कवच चढलं होतं. ते आधी फोडावं लागलं, मगच नळी निघाली. मूत्रपिंड थकलं होतं, पण वाचलं. ड्रायव्हर शुद्धीवर आल्यावर डॉक्टर त्याच्या खाटेशी गेले आणि आमची नोंद चुकली, असं त्यांनी स्वतः सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, “मीही आलो नाही हो परत. पण तुम्ही फोन केलात.” बायको मात्र डॉक्टरांवर पुढे दोन दिवस फुरंगटून होती, आणि ते रास्तच होतं.

बहिणीने स्क्रिप्ट बदलली. आता ती शंका असलेल्या तारखेला हात लावत नाही, बाजूला ठेवते आणि माणसाला विचारायला सांगते. मला खऱ्या तारखेचा रकाना मिळाला. आज मी तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी ताठ उभी आहे. आणि माझ्या शेजारी एक धाकटी तारीख येऊन बसली आहे, नळी काढल्याची.

तुमच्या हातूनही माझ्यासारख्या कितीतरी रोज लिहिल्या जातात. एवढंच मागणं आहे: लिहिताना महिना अक्षरांत लिहा. तुम्हाला क्षणभर जास्त लागेल. पण आम्हाला पुढे तुमच्याशिवाय, एकट्यांनीच बोलायचं असतं.