फुकटचा बोगदा आणि माझं झाकण

मित्रांनो, मी लॅपटॉप आहे आणि म्हाताराही आहे. आमच्यात या दोन गोष्टी एकत्र यायला फार वेळ लागत नाही.

कारखान्यात माझ्याबरोबर पुष्कळ भावंडं जन्मली, पण खोक्यात घालताना कोणी आमची साधी ओळखही करून दिली नाही. एका बहीणभावाने मला घरी आणलं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ती दोघं प्रोग्रॅम बनवायची. दादा मला 'आपला घोडा' म्हणायचा. त्या कौतुकात चारा धरलेला नव्हता.

ताईने माझ्यावर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी रुग्णांच्या वेळा ठरवण्याचा प्रोग्रॅम लिहिला. त्यांना तो आवडला, तर त्यांच्या सगळ्या दवाखान्यांचं काम मिळणार होतं. याच भरवशावर ताईने नोकरी सोडली होती.

आता माझ्या पोटात चाललेलं बाहेरच्यांना दिसत नाही. त्यासाठी बोगदा लागतो. एखादी कंपनी इंटरनेटवर पत्ता देते आणि त्या पत्त्यावर आलेल्या माणसाला थेट माझ्यापर्यंत पोचवते. एका कंपनीचा पत्ता कायमचा होता, पण महिन्याला थोडे पैसे पडत. दुसरीचा फुकट, मात्र बोगदा बंद पडला की पुढच्या वेळी पत्ता नवा. ताईला पहिली हवी होती.

"अगं, बंद पडला तर पत्ता बदलणार ना?" दादा म्हणाला. "मग बंदच करायचा नाही."

"आणि हा दमला तर?"

"यंत्र आहे ते. यंत्र दमत नाही."

त्याच आठवड्यात दादाने मान टेकायची सोय असलेली खुर्ची घेतली. माणूस दमतो.

बाईंना प्रोग्रॅम आवडला. त्यांनी तो पत्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावला आणि रुग्ण माझ्याकडे येऊ लागले. ताई म्हणायची, आता हे भाड्याच्या सर्व्हरवर हलवू या. दादा म्हणायचा, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? झाकण मिटलं की मी झोपतो आणि बोगदा बंद पडतो, म्हणून माझं झाकण रात्रंदिवस उघडंच राहू लागलं. बॅटरी फुगून मी डुगडुगू लागलो, तेव्हा दादाने माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

एका सकाळी दोघं बाहेर गेलेली असताना त्यांची आई खोली पुसायला आली. तिने माझ्यावर हात ठेवला. "किती तापलंय रे हे लेकरू," असं म्हणून तिने हळूच झाकण लावलं. उभ्या आयुष्यात माझा ताप पाहिला तो तिनेच. मी झोपलो.

दादाने परत येऊन मला जागं केलं. बोगदा सुरू झाला, पत्ता मात्र नवा. भिंतीवरच्या पत्त्यावर दिवसभर कोणी सापडलं नव्हतं. संध्याकाळी बाईंचा ताईला फोन आला. ताईने खरं ते सगळं सांगून टाकलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच वाईट होतं.

"काम चांगलं केलंत हो. पण माझा दवाखाना तुमच्या घरच्या टेबलावर चालतोय, हे मला सांगायला हवं होतं."

काम दुसऱ्याला गेलं. ताई पुन्हा नोकरीवर रुजू झाली. दादाने नवा लॅपटॉप घेतला आणि कायमच्या पत्त्याचा बोगदाही. इतका स्वस्त असेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. माझी बॅटरी काढून उंचीसाठी मला नव्याच्या खाली ठेवलंय. नव्याचं झाकण रोज मिटतं.

मित्रांनो, फुकट म्हणून जे घ्याल, त्याच्या पायी घरात कोण तापतंय ते एकदा हात लावून बघत जा. आमची आई आता बघत नाही. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" असं दादा तिला त्या दिवशी म्हणाला होता. तेव्हापासून ती चहा उंबऱ्यावर ठेवून जाते.