घरचं गिऱ्हाईक

ताई भाव करायला लागली की आजूबाजूची माणसं आपली खरेदी थांबवून ऐकत उभी राहायची. भाजीवाली तिला लांबून येताना बघूनच हात जोडते, असं तिचा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगायचा, आणि त्यात फार काही खोटं नव्हतं. चपला असोत, पडद्याचं कापड असो, पंखा दुरुस्त करणारा असो, ताईनं कुणाला सोडलं नव्हतं. शेवटचा आकडा सांगायचा, उठायचं, आणि मागून हाक येईपर्यंत वळून बघायचं नाही, ही तिची रीत. हाक यायचीच.

तीच ताई आज गाड्यांच्या शोरूममध्ये काचेच्या टेबलापाशी, पर्स मांडीवर घेऊन, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी शहाण्यासारखी बसली होती.

"मला आकडेबिकडे दाखवू नकोस बाबा," ती धाकट्याला म्हणाली. "तू सांगशील तिथं सही करते."

धाकट्यानं समोरचा हिशोबाचा कागद नुसताच सरळ केला.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा. तसा पस्तिशी उलटलेला, गळ्यात शोरूमचा पट्टा, पायात चावणारे बूट. आधी दोन-तीन नोकऱ्या करून झाल्या होत्या आणि दोन-तीन सुटूनही झाल्या होत्या. इथं चिकटला तेव्हा सगळ्या घराला हायसं वाटलं. आपला माणूस गाड्यांच्या शोरूममध्ये आहे म्हटल्यावर नातेवाइकांच्या मनात गाड्या घोळायला लागल्या. आता स्वस्तात पडणार, असं जो तो धरून चालला.

आणि मेख इथंच होती.

कंपनीनं ठरवलेली किंमत शोरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेली असायची, आणि त्या किमतीला गाडी सहसा कुणाला मिळायची नाही. तिच्यावर जे चढायचं त्याला आतले लोक 'सजावट' म्हणायचे. गाडी कारखान्यातून आणल्याचा खर्च किमतीत धरलेला असायचाच, तो 'हाताळणी' या नावानं पुन्हा लागायचा. पायपुसणी, सीटची कव्हरं आणि एक वासाची बाटली यांचा संच असायचा. तो घेतला नाही तर गाडी कधी येईल सांगता येत नाही, असं चेहरा पाडून सांगायचं. रंगावर एक लेप असायचा, तो लावला की नाही हे लावणाऱ्यालाच ठाऊक. विमा इथूनच घ्यावा लागतो म्हणायचं. बाहेरचा विमासुद्धा चालायचा, पण तसं कुणी विचारलं तरच. आणि गाडीला मागणी फार असली की 'लवकर मिळण्याचे' म्हणून आणखी वेगळे. या सगळ्या थाटामाटातला थोडासा वाटा विकणाऱ्याच्या पगारात पडायचा.

शोरूमच्या मॅनेजरला तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठीमागे 'मधाचं बोट'. या माणसानं आयुष्यात आवाज चढवला नसेल. धाकटा नवीन असताना त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक धडा दिला होता.

"परकं गिऱ्हाईक चार शोरूम फिरून येतं. त्याला सगळं माहीत असतं, ते आपलं रक्त पितं. घरचं गिऱ्हाईक डोळे झाकून येतं. भाव करायला ते लाजतं रे. आपण त्याला अजून लाजवू नये."

म्हणून सगळ्यात भारी सजावट चढायची ती घरच्या गिऱ्हाइकावर. धाकट्यानं पहिल्यांदा हे केलं तेव्हा मामांवर केलं. मामांनी आकडा न बघता सही केली आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली. अजूनही ते भेटेल त्याला सांगायचे, की भाच्यामुळे फुकटात पडली म्हणा ना. ते ऐकताना धाकटा बुटांकडे बघायचा. मामांनंतर शेजारचे काका झाले. दर वेळी तो स्वतःला समजवायचा, की गाडी तर चांगली आहे, खुश आहेत ना, मग झालं.

पण ताई म्हणजे ताई होती. आई दिवसभर कामावर असायची तेव्हा याला भरवलं ते ताईनं, याची शाळेची फी भरायला स्वतःचं कॉलेज सोडलं ते ताईनं. भावोजींच्या पाठीचं ऑपरेशन झालं, काठी आली, स्कूटरवर मागं बसणं बंद झालं. एक दिवसाआड त्यांना व्यायामासाठी रुग्णालयात न्यायचं आणि दर वेळी भाड्याच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभं राहायचं, त्यांना धड बसता येत नाही आणि धड उभं राहता येत नाही. शेवटी ताईनं स्कूटर विकली, बँकेतली ठेव मोडली, गाडी चालवायला शिकली आणि भावाला फोन केला. दुसऱ्या कुठल्या शोरूमची पायरीसुद्धा चढली नाही.

आदल्या दिवशी धाकट्यानं तिच्या नावाचा हिशोब मांडला तेव्हा फक्त हाताळणी धरली होती. मधाचं बोट मागून डोकावलं.

"बाकीचं राहिलं वाटतं," तो मायेनं म्हणाला. "महिना संपत आला आहे. तुझा विक्रीचा आकडा कुठं अडला आहे ते मला माहीत आहे. आकडा गाठला नाही म्हणून परवा त्या दोघांना कायमचं घरी पाठवताना मला काय वाटलं असेल, विचार कर."

धाकट्यानं विचार केला. आणि मग आपल्याच बोटांनी संच घातला, लेप घातला, विमा घातला, लवकर मिळण्याचे घातले. रात्रभर त्यानं एकच आशा धरली, की ताई भाव करेल. सवयच आहे तिची. ती एकदा 'एवढे कसे?' म्हणाली की आपण लगेच सगळं पुसून टाकू, आणि साहेबांना सांगू की गिऱ्हाईक फारच चिवट निघालं. म्हणजे साप मरणार आणि काठीही शाबूत राहणार.

आणि ही बया म्हणत होती, आकडे दाखवू नकोस.

"एकदा बघ तरी," तो म्हणाला.

"तू बघितलंस ना?"

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई दुसऱ्या विक्रेत्याचा घाम काढत होती. हे काय, ते कशाला, हे काढा, तेही काढा. विमा मी माझा आणीन. लेप नको, मी गाडी धुते. तो बिचारा आत जाऊन साहेबांना विचारून येत होता आणि दर वेळी काहीतरी कमी करून आणत होता. बघता बघता बाईची गाडी भिंतीवरच्या किमतीला येऊन टेकली.

ताई हे सगळं कान देऊन ऐकत होती. धाकट्याला वाटलं, आता हिच्या डोक्यात प्रकाश पडेल. ती त्याच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "काय संशयी बाई आहे रे. मी भाजीवालीशी घालते ती हुज्जत वेगळी. पण प्रत्येक शब्दावर असं? दिवसभर अशा लोकांशी डोकं लावतोस तू? बरं झालं, मला तू आहेस."

सोफ्यावर बसलेल्या भावोजींनीही कौतुकानं मान हलवली. त्यांच्या हातात शोरूमच्या फुकट कॉफीचा पेला होता. ताईनं पेनाचं टोपण काढलं.

"थांब," धाकटा म्हणाला. त्यानं कागदावर हात ठेवला. "आधी गाडीत बसून बघ. चल."

शोरूमच्या मधोमध तशीच गाडी उभी होती. ताई चालकाच्या जागी बसली, तो शेजारी. दारं लावली तशी बाहेरची गडबड एकदम बंद झाली. ताईनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. चेहरा असा खुलला होता की त्याला बघवेना.

"ताई, भाव कर."

"कुणाशी?"

"त्यांच्याशी. त्या कागदावर जे आहे त्यातलं निम्मंशिम्मं खोटं आहे. ते सगळं निघतं. त्या बाईचं निघालं ना, तसंच."

ताईला आधी गंमत वाटली. मग ती त्याच्याकडे नीट बघायला लागली. लहानपणी ताप आला की कपाळावर हात ठेवून बघायची, तशी.

"किती जास्त आहेत?"

"तुझ्या स्कूटरचे आले ना, त्याच्या दुप्पट."

"कुणी लिहिले?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. साहेबांचं नाव घेतलं असतं तर खपलं असतं. ते अगदीच खोटंही ठरलं नसतं.

"मी," तो म्हणाला.

ताईचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. समोरच्या काचेतून भावोजी दिसत होते. त्यांनी हात हलवला. ताईनंही हलवला.

"आणि मामांच्या वेळी?"

धाकट्यानं हा प्रश्न येईल हे ध्यानातच घेतलं नव्हतं. एका ताईला वाचवायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एक धागा ओढला की सगळं उसवत जाणार, हे या शहाण्याला आता कळलं.

"त्यांच्या वेळीपण."

"मामा अख्ख्या जगाला सांगतात रे. माझ्या भाच्यामुळे म्हणून."

"माहीत आहे."

"मामांना तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मी सांगतो."

तिनं दार उघडलं. पुढं जे झालं ते बघायला शोरूममधली माणसं खरोखरच आपापली कामं थांबवून उभी राहिली. ताई थेट मधाच्या बोटाच्या काचेच्या खोलीत गेली आणि दार लावायच्या भानगडीत पडली नाही.

"या ताई, बसा. घरचीच माणसं आपण," तो म्हणाला.

"घरचीच आहोत ना? मग हे हाताळणीचं काढा. मी काही अजून हात लावलेला नाही."

हाताळणी गेली. संच गेला, माझ्या घरात पायपुसण्यांचा सुकाळ आहे, असं तिनं सांगितलं. लेप गेला, इथला विमाही गेला. लवकर मिळण्याच्या आकड्यावर तो अडून बसला. गाडीला मागणी आहे, बाहेर रांग आहे, काय करू, माझे हात बांधले आहेत. ताईनं शेवटचा आकडा सांगितला, तो भिंतीवरचाच होता, आणि ती उठली. भावोजी काही न समजता काठी सावरत उभे राहिले. दोघं दाराकडे निघाली. धाकट्याचा जीव टांगणीला लागला, कारण या गाडीसाठी खरंच रांग होती.

"अहो ताई," मागून मधाळ आवाज आला. "एवढं काय त्यात."

आणि सही करताना त्यानं हसत हसत काटा टोचलाच. "पण एक सांगू? हे सगळं तुमच्या बंधूंनीच घातलं होतं. मी नुसतं बघितलं."

"त्याचं मी घरी बघते," ताई म्हणाली. "तुम्ही तुमचं बघा."

ती गेल्यावर मधाच्या बोटानं धाकट्याला आत बोलावलं. ओरडला नाही, काढूनही टाकलं नाही. "तुला वाटतंय मी रागावेन," तो म्हणाला. "कशाला? तुझं नुकसान तू करून घेतलंस. घरचं गिऱ्हाईक तुला आता मिळायचं नाही, एवढंच."

धाकट्याला ते लागलं नाही. खरं तर त्याला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. ताई ओरडेल, रडेल, बोलणं टाकेल, या सगळ्याची त्यानं तयारी ठेवली होती. ती त्यातलं काहीच करेना. फोनवर नेहमीसारखी बोलली, खोकल्याला औषध घे म्हणाली. तो मामांकडे जाऊन आला. मामा आधी हसले, थट्टा करतोयस म्हणाले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "बरं. जेवून जा." तो जेवला. चला, हेही पार पडलं, असं म्हणत तो घरी आला.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी भावोजींच्या व्यायामाची वेळ होती. ताई म्हणाली, पहिल्यांदाच चालवते आहे, तू शेजारी बस. त्याला केवढा आनंद झाला. भावोजी मागं पाय लांब करून बसले आणि सिंहासन आहे म्हणाले. ताई हसली. सांभाळून चालवत होती, आरसे बघत होती. एका गाडीवाल्यानं उगाच भोंगा वाजवला तेव्हा तिनं त्याला अशी शेलकी ऐकवली की तिघंही खो खो हसली.

"मामांना सांगितलं मी," तो हळूच म्हणाला.

"हो. कळलं मला."

झालं, त्याच्या मनात आलं. सुटलो. तिनं पोटात घातलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून तो बाहेर बघायला लागला. पुढं रस्ता फुटत होता. हा सगळा भाग त्याच्या पायाखालचा होता, वर्षानुवर्षं तो इथूनच कामावर जायचा.

"डावीकडं घे," तो म्हणाला. "पुलाखालून रुग्णालय जवळ पडतं. सरळ गेलीस तर वळसा आहे."

ताईनं गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली. न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक माणूस पेपर वाचत बसला होता. ताईनं काच खाली केली.

"अहो दादा, रुग्णालयाकडं जायला डावीकडून जवळ पडतं का?"

मागं भावोजी उगाच खाकरले.  धाकट्यानं ताईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला दाखवायला म्हणून तिनं विचारलंच नव्हतं. तिला फक्त रस्ता जाणून घ्यायचा होता.

"हो, डावीकडूनच," माणूस म्हणाला. "पुलाखालून जा."

ताईनं त्याचे आभार मानले, काच वर केली आणि गाडी डावीकडं घेतली.