काकांचा आवाज आणि मी

मी एक जुना मायक्रोफोन आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका नभोवाणी केंद्राच्या कपाटात, अगदी खालच्या खणात आहे. शेजारी तुटके हेडफोन आणि वायरींचा गुंता आहे.

बावीस वर्षे रोज सकाळी आठ वाजता मी काकांच्या तोंडासमोर उभा राहिलो. काका म्हणजे केंद्राचे निवेदक; ते बातम्यांवर टीकाटिप्पणी करत. ते जुन्या वळणाचे होते. सरकारने लोकांच्या घरात कमीत कमी डोकावावे, माणसाने आपले अंगण आपण झाडावे आणि नीट चाललेले उगाच मोडू नये, असे त्यांचे म्हणणे. पण ते कधी चिडत नसत, हसत हसत चिमटे काढत.

एकदा नगरपालिकेने बागेतले मोडके बाकडे दुरुस्त करायला समिती नेमली. काका म्हणाले, "बाकडं एक आणि सभासद अकरा. म्हणजे आधी समितीला बसायला बाकडी करावी लागणार." काचेपलीकडच्या ध्वनितंत्रज्ञ ताई इतक्या हसल्या, की त्यांचा चहा बटणांवर सांडला.

एक निवृत्त शिक्षिका रोज फोन करून भांडत. "काका, तुमचं एकही मत मला पटत नाही. पण तुम्ही मनातलं बोलता, म्हणून ऐकते." फोन ठेवला की काका मला थोपटून म्हणत, "ऐकलंस ना? हे आपलं प्रशस्तिपत्र." त्यातल्या 'आपलं'ने मी फुलून जात असे.

मग नगरपालिकेची निवडणूक झाली आणि काकांचा आवडता पक्ष निवडून आला. काकांना आकाश ठेंगणे झाले. चारच महिन्यांत त्या पक्षाने बाकड्याची समिती बरखास्त केली आणि तिच्या जागी बाकड्यांचे स्वतंत्र मंडळ नेमले. त्याला तीन उपसमित्या. बाकडे होते तसेच मोडके.

काकांनी सकाळी लवकर येऊन टिपण लिहिले. लिहिताना ते स्वतःशीच हसत होते. तेवढ्यात केंद्राचे प्रमुख आत आले. ते काकांचे सख्खे मेहुणे. त्या मंडळाचे अध्यक्षपद त्यांनाच मिळाले होते.

"भाऊजी, आज हे नको," ते म्हणाले.

"का? मागच्या वेळी तर तूच पोट धरून हसला होतास."

"तेव्हा ते त्यांचे लोक होते. आता आपले आहेत."

काकांनी टिपण हातात घेतले. आता ते मेहुण्यांना चांगला टोमणा मारणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी कागदाची घडी केली आणि ती खिशात घातली. मग मेहुण्यांनी पुढे केलेला छापील कागद त्यांनी माझ्यासमोर वाचला. 'दूरदृष्टीचा निर्णय' असे त्यात तीनदा होते.

शिक्षिकाबाईंचा फोन आला. "काका, आता बाकड्याबद्दल काय म्हणता?"

"तुमचा आवाज नीट येत नाहीये," काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

आवाज स्वच्छ येत होता. मी तिथेच होतो. बाईंनी पुन्हा कधी फोन केला नाही.

हळूहळू श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. काकांचा आवाज पोकळ वाटतो, असे लोक लिहीत. काकांनी ती पत्रे वाचली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हा माईक जुना झालाय. बदलून टाका."

बावीस वर्षे जुन्याची बाजू मांडणारा माणूस हे बोलला.

ताईंनी मला उघडले, पुसले, दोनदा तपासले. "काका, यात काहीच बिघाड नाही."

"असेल कुठेतरी," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

ताईंनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, 'तपासला. दोष नाही.' आणि मला इथे आणून ठेवले. आता नव्या, चकचकीत माईकवरून येणारा काकांचा आवाज मला भिंतीतून ऐकू येतो. तो तसाच पोकळ आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू वापरा, झिजवा, वेळ आली की खुशाल बाजूला ठेवा. पण आपली चूक त्यांच्या माथी मारू नका. माझ्यावर बसलेली धूळ कुणीही फडक्याने पुसू शकेल. आवाजाची निगा मात्र ज्याची त्यालाच राखावी लागते.