पाणी कुठल्या बाजूला

बाईंना पाणघोड्याची फार भीती वाटायची आणि वर्गात हे कुणालाच माहीत नव्हतं. फळ्यावर नदी काढताना त्या मोठ्या थाटात सांगायच्या की आपली नदी समुद्राकडे जातच नाही. ती इथल्या सपाट वाळूत येते, हाताच्या पंजासारखी पसरते आणि जिरून जाते. पाणघोडा काढायची वेळ आली, की मात्र खडू एखाद्या मुलाच्या हातात जायचा. मुलांना वाटायचं, बाई किती लाड करतात.

त्या सकाळी नावाड्याने बाईंना आणि सात मुलांना बेटावर सोडलं आणि उरलेला वर्ग आणायला तो परत गेला. सातांत बाईंची स्वतःची मुलगीही होती. अखंड बडबडीपायी सगळे तिला टिटवी म्हणत, घरीसुद्धा. बेट कसलं, एक लांबट उंचवटा. मध्ये माणसाहून उंच वारूळ, भोवती कमरेएवढं गवत. एका अंगाला होडी लागते तो खोल प्रवाह, दुसऱ्या अंगाला कोरडी ठणठणीत घळ. दूरच्या डोंगरांत केव्हाच पडून गेलेला पाऊस आता, ऐन कोरड्या दिवसांत, इथवर पोचेल आणि ही घळ भरेल, असं बाईंनी समजावलं. मग नेहमीचा नियम मुलांकडून घोकवून घेतला. पाणघोडा जमिनीवर दिसला, तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये थांबायचं नाही. वाट अडली की तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

बाकीची मुलं वारुळापाशी करकोच्यांची पिसं वेचत होती. टिटवी घळीकडे पळाली आणि तिकडून ओरडली, "पाणी आलं!"

खरंच आलं होतं. आवाज न करता, काटक्या आणि मुंग्या पुढे ढकलत, जेमतेम घोटा बुडेल एवढं. सगळे बघायला निघाले, तेवढ्यात मधलं गवत हललं. रात्रभर चरून पाणघोडा उशिरा परतत होता.

बाईंनी सहा जणांना वारुळामागे ओढलं. टिटवी एकटीच घळीपाशी राहिली. समोर तो, मागे पाणी. म्हणजे आपण मध्ये आहोत, असा तिने हिशेब केला आणि वाकून, गुपचूप, पलीकडच्या अंगाला गेली. तिथे होडी बांधायच्या खुंटाला धरून पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ताठ उभी राहिली.

गुणी पोर. पण घोटाभर पाणी त्या धुडाच्या काय कामाचं? त्याला खोल पाणी हवं होतं आणि ते आता तिच्या पाठीशी होतं. नियम शिकवताना पाणी कुठलं, हे बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं.

पाणघोड्याने मान वळवली आणि तो खुंटाच्या रोखाने निघाला.

बाईंनी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं, छाती भरून घेतली आणि काहीच बाहेर आलं नाही. बोबडी वळणे याचा वाक्यात उपयोग करा, असं त्या दरवर्षी परीक्षेत विचारायच्या. आता त्यांची जीभ टाळूला चिकटली होती आणि पाय जागचे हलत नव्हते. टिटवीने आईकडे पाहिलं. मग तो दोघींच्या मध्ये आला आणि टिटवी दिसेनाशी झाली.

धाडकन पाणी उडालं. खुंटापाशी कुणीच नव्हतं.

बाई तिथे कशा पोचल्या, ते त्यांना पुढेही कधी आठवलं नाही. बाजूच्या लव्हाळ्यातून टिटवी उठली, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली.

नावाडी येईपर्यंत मुलांनी गोष्ट सजवून ठेवली होती. बाई अजिबात डगमगल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या, तर टिटवी पळाली असती आणि तो तिच्या मागे लागला असता. नावाडीही म्हणाला की असं काळीज पाहिजे. ते कौतुक बाईंना अंगावरच्या जळवेसारखं नकोसं झालं. त्या आपल्या मुलीच्या गालावरचा चिखल पुसत राहिल्या.

"मी हाक मारली होती गं," त्या हळूच म्हणाल्या. "आवाजच फुटला नाही. फार घाबरले होते मी."

"माहीत आहे मला," टिटवी म्हणाली. "तुझं तोंड उघडंच राहिलं होतं. ते बघूनच मला कळलं, मी चुकीच्या जागी उभी आहे. म्हणून बाजूला उडी मारली."