विमलकाकूंसाठी विनंती

युसूफ वडगावच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या शेवटी प्रार्थना-विनंत्या होत. दुसऱ्याच्या घरातलं उघड बोलायची ती एकच पवित्र वेळ.

एका रविवारी विमलकाकू तेव्हाच उठल्या होत्या. "आपल्या स्वप्नालीसाठी प्रार्थना करा. बाळंतपणापास्नं तिला झोप न्हाई. अंबाजोगाईला डोक्याच्या बाईकडं जाती. विश्वास कमी पडलाय."

स्वप्नालीनं हे फक्त काकूंनाच सांगितलं होतं, मांडीवर लेकरू असताना, रडत. सगळ्यांनी डोळे मिटून 'आमेन' म्हटलं, आणि लहान पोरांचा रविवारचा वर्ग तिच्याकडून काढून घेतला.

सूड देवावर सोपवायचा, हे तिला पाठ होतं. पण देवाला घाई नसते, आणि तिला होती.

दोन आठवड्यांनी अंबाजोगाईला त्याच बाईंच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर तिला काकू दिसल्या. तोंडावर पदर, नजर फरशीवर. स्वप्नालीच्या पोटात गूळ विरघळला. आठवडाभर लेकराला पाजता पाजता ती एकच वाक्य घोळवत राहिली.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कुणाची विनंती?"

ती उठली. "विमलकाकूंसाठी."

काकूंनी गीतपुस्तक छातीशी धरलं. एवढ्या अंग चोरून बसलेल्या काकू तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. आपणही त्या दिवशी अशाच दिसलो असणार. वाक्य जिभेवर तयार होतं, नुसतं सोडायचं होतं.

"त्यांनी माझ्यासाठी लई प्रार्थना केली," ती सावकाश म्हणाली. "ती ऐकून देवानं मला चांगली बाई दिली. तापाला डॉक्टर पाठवतो तोच देव. मी दर मंगळवारी जाते, जाणार. आता झोप लागती. पोरांचा वर्ग पुढल्या रविवारपास्नं मीच घेईन. काकू, तुमी सांगा सगळ्यांना, चालंल का न्हाई?"

काकू उठल्या.

"घेऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "बाईकडं जाण्यानं काय विश्वास जात न्हाई."

स्वप्नाली मुद्दाम त्यांच्या शेजारीच जाऊन बसली. सगळ्यांचे डोळे मिटल्यावर त्यांच्या कानाशी वाकली.

"मंगळवारी साडेआठच्या गाडीला माझ्याबरोबर चला. सगळ्यांच्या समोरून."

"स्वप्नाली, लोक काय म्हणतील गं?"

"जे मला म्हणाले तेच," ती म्हणाली, आणि काकूंचा हात जरा जोरातच दाबून धरला.